जाणते घडविणारा नेता

जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस कुंभार पिंपळगांव नांवाचें गांव आहे. या नांवांतच दोन चित्रें आहेत. एक कुंभाराचें आणि दुसरें पिंपळाचें. कुंभार चाकावर माती ठेवतो आणि आपल्या मनांत असेल त्या आकाराचें मडकें तींतून काढतो. मातीला स्वतःचें मत नसतें. पिंपळाची गोष्ट निराळी आहे. पांखरांनीं नेलेलें त्याचें बीं कोठल्या तरी भिंतींत, कोठल्या तरी कड्यावर पडतें आणि तेथें आपल्या बळानें रुजतें. माणसें हाताशीं धरून कांहीं कार्य उभारूं पाहणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यापुढें हे दोन मार्ग असतात. सोबत्यांना त्यानें मातीप्रमाणें घडवावें, कीं बीजाप्रमाणें दूर रुजूं द्यावें? पहिल्या मार्गानें काम लवकर होतें, आणि नीटनेटकेंही होतें. नवें असें मात्र त्यांतून फारसें निघत नाहीं; कारण जें निघतें तें पुढाऱ्याच्या मनांत आधींच असलेलें असतें.

या प्रश्नाचें एक विचारपूर्वक दिलेलें उत्तर याच परिसरांत जन्मलेल्या एका पुरुषानें दिलें आहे. कुंभार पिंपळगांवाजवळच जांब हें गांव आहे. शके १५३० च्या, म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीला तेथें सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं नारायण नांवाचा मुलगा जन्मला. पुढें तेच समर्थ रामदास झाले. बाराव्या वर्षीं लग्नाच्या बोहल्यावरून त्यांनीं पळ काढला, ही कथा प्रत्येक मराठी घरांत माहीत आहे. नाशिकजवळ टाकळी येथें बारा वर्षें साधना, नंतर बारा वर्षें देशभर भ्रमण, आणि १६४४ च्या सुमारास कृष्णाकांठीं आगमन, असा त्यांच्या आयुष्याचा क्रम परंपरेनें सांगितला आहे. चाफळचें राममंदिर १६४८ मधलें. १६८२ मध्यें सज्जनगडावर त्यांनीं देह ठेवला. म्हणजे माणसें जमवून कार्य उभारण्यास त्यांना सुमारें अडतीस वर्षें मिळालीं.

एवढ्या काळांत काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. उत्तरेस टाकळीपासून दक्षिणेस तंजावरपर्यंत मठ उभे राहिले. टाकळीस उद्धव, डोमगांवीं कल्याण, तिसगांवीं दिनकर, मिरजेस वेणाबाई, तंजावरास भीमस्वामी अशीं निरनिराळ्या प्रकृतीचीं माणसें निरनिराळ्या प्रदेशांत काम करूं लागलीं. त्यांतल्या अनेकांनीं स्वतंत्र ग्रंथरचना केली. वेणाबाईंनीं सीतेच्या स्वयंवरावर काव्य लिहिलें. दिनकरांनीं ‘स्वानुभवदिनकर’ नांवाचा ग्रंथ रचला. गुरूच्या अनुभवाऐवजीं स्वतःच्या अनुभवाचें आणि स्वतःचेंच नांव शिष्यानें ग्रंथाला द्यावें, हेंच पुरेसें बोलकें आहे. गिरिधरांनीं ‘समर्थप्रताप’ लिहिला. एका प्रखर व्यक्तिमत्त्वाच्या भोंवतीं इतकीं हातीं लेखणी असलेलीं माणसें तयार व्हावींत, ही साधी गोष्ट नव्हे. प्रखर व्यक्तिमत्त्वाच्या सावलींत बहुधा नकला करणारेच वाढतात.

येथें एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढें जातां येत नाहीं. समर्थांच्या शिष्यांविषयीं ज्या गोष्टी लोकांत रूढ आहेत, त्या बहुतेक आज्ञापालनाच्या आहेत. अंबाजी नांवाच्या तरुण शिष्याला विहिरीवर आलेली झाडाची फांदी तोडण्याची आज्ञा झाली. तो फांदीवर बसून तिच्या बुडाशीं घाव घालूं लागला, फांदीसह विहिरींत पडला, आणि सुखरूप राहिला म्हणून त्याचें नांव कल्याण पडलें, असें सांगतात. अशा कथा ऐकून वाढलेल्या मुलाला वाटतें कीं उत्तम शिष्य म्हणजे विचार न करणारा शिष्य. पण कथा सोडून ग्रंथाकडे वळलें कीं चित्र पालटतें. वीस दशक आणि दोनशें समास यांच्या ‘दासबोधांत’ विवेक आणि प्रचीति या शब्दांना जें स्थान आहे, तें क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाला असेल. प्रत्ययावांचून केलेलें बोलणें तेथें कवडीमोलाचें ठरतें, आणि पुष्कळ वाचूनही आचरणांत शून्य असलेल्या विद्वानासाठीं ‘पढतमूर्ख’ या नांवाचा एक संबंध समास राखून ठेवला आहे. मग खरे समर्थ कोणते, बखरींतले कीं ग्रंथांतले? माणसांकडून नवें काम कसें होतें हें ज्याला शोधावयाचें आहे, त्यानें ग्रंथाकडेच जावें. कथा लोकांनीं मागाहून रचल्या. ग्रंथ त्यांनीं स्वतः सांगितला.

त्या ग्रंथाची बांधणीच प्रथम पाहावी. वक्ता बोलत आहे आणि श्रोते मान डोलवीत आहेत, असें तेथें घडत नाहीं. श्रोता मध्येंच अडवतो. मागें एक सांगितलें आणि आतां दुसरेंच सांगतां, असें म्हणण्यासही तो कचरत नाहीं. वक्ता रागावत नाहीं. शंका नीट मांडून घेतो आणि मग उत्तराला लागतो. आठव्या दशकांत तर ‘सूक्ष्म आशंका’ असें समासाला नांवच दिलें आहे. ज्या मंडळींत शंका विचारणाऱ्याला उद्धट ठरविलें जातें, तेथें लोक शंका विचारणें सोडतात. शंका येण्याचें मात्र थांबत नाहीं. ती मनांतल्या मनांत राहते, कुजते आणि कुरकुरीच्या रूपानें बाहेर पडते. याउलट जेथें प्रमुखच शंकेला आसन देतो, तेथें तीच शंका नव्या विचाराचा पहिला अंकुर ठरते. नवी कल्पना आरंभीं नेहमींच शंकेच्या वेषांत येते. हें असेंच कां, तसें कां नको, एवढेंच ती विचारते.

शंकेला जागा दिली तरी प्रत्येकाकडून प्रत्येक काम होत नाहीं. म्हणून समर्थांनीं माणसें पारखण्यावर फार भर दिला आहे. ज्याचा जेवढा अधिकार, तेवढें काम त्याला सांगावें. ज्याचा उद्योग दिसेल त्याच्यावर विश्वास टाकावा, असें त्यांचें सूत्र आहे. पण पारख करावयाची कोठें? चौदाव्या दशकांत भिक्षेवर एक समास आहे. वरवर पाहतां तो भिक्षा मागण्याचा उपदेश आहे. वस्तुतः तो माणसें शोधण्याचा उपाय आहे. दारोदार हिंडणाऱ्याला देश कळतो. कोणत्या घरीं बुद्धि आहे, कोणत्या घरीं धैर्य आहे, कोठें गुण असून संधि नाहीं, हें त्याला आसनावर बसून कळलें नसतें. पुढाऱ्याभोंवतीं जीं माणसें आपण होऊन गोळा होतात तीं बहुधा त्याच्यासारखींच असतात. निराळीं माणसें हवीं असतील तर त्यानेंच उठून त्यांच्या दाराशीं जावें लागतें.

या पारखीचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे वेणाबाई आणि अक्काबाई. वेणाबाई बालविधवा होत्या. ज्या समाजानें अशा स्त्रीला घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत बसविलें होतें, त्याच समाजांत त्या मिरजेच्या मठाच्या प्रमुख झाल्या, आणि उभें राहून कीर्तन करण्याचा अधिकार त्यांना गुरूनें दिला असें परंपरा सांगते. समर्थांच्या पश्चात् चाफळ आणि सज्जनगड येथील व्यवस्था सांभाळणाऱ्यांत अक्काबाईंचें नांव अग्रभागीं आहे. यांत केवळ करुणा नव्हती. करुणेनें आश्रय मिळतो. मठाचें प्रमुखपद मिळत नाहीं. त्या पदावर बसविण्यासाठीं गुण दिसावा लागतो, आणि दिसल्यावर लोकापवादाची भीति न धरतां तो मान्य करावा लागतो. जो गुण इतरांनीं वाया घालविला होता, तो ज्याच्या मंडळींत कामाला लागला, त्याच्या मंडळींत कांहीं नवें घडावें यांत नवल नाहीं.

साधनांकडेही या पुरुषाचें लक्ष होतें. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. वेदांत सांगणारा हा ग्रंथकार तेथें कागद, शाई, लेखण्या, अक्षराचें वळण, ओळींमधील अंतर आणि समास सोडण्याची रीत यांविषयीं मोठ्या आस्थेनें बोलतो. तारुण्यांत हौसेनें लिहिलेलें बारीक अक्षर म्हातारपणीं उपयोगी पडत नाहीं, म्हणून अक्षर मध्यम असावें, इतक्या बारकाव्यापर्यंत तो जातो. या शिकवणीचें फळ पुढच्या पिढ्यांना मिळालें. डोमगांवच्या मठांत कल्याणांच्या हातची ‘दासबोधाची’ प्रत जतन झाली. मठोमठीं पोथ्या उतरल्या गेल्या. आणि १८९३ मध्यें धुळ्यास स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारें शंकर श्रीकृष्ण देव यांनीं हें वाङ्मय गोळा केलें, तेव्हां गोळा करण्यास कांहीं शिल्लक होतें. प्रतिभेला मोकळीक द्यावी असें म्हणणारे पुष्कळ असतात. तिला चांगली लेखणी आणि चांगला कागद द्यावा, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

आणि ही प्रतिभा म्हणजे काय, याविषयींही समर्थांच्या मनांत गोंधळ नव्हता. चौदाव्या दशकांतील कवित्वावरच्या समासांत त्यांनीं कवित्वाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मनांत येईल तें बळेंच जुळवून केलेलें तें धीट. पुष्कळ ग्रंथ वाचून त्यांच्या धाटणीवर उतरविलेलें तें पाठ. आणि अंतःकरणांतून सहज उमटलेलें तें प्रासादिक. दुसरा प्रकार विशेष विचार करण्यासारखा आहे. शिष्यांनीं आपल्याच ओव्यांची नक्कल करावी, हा मोह कोणत्याही गुरूला होणारच. अशी नक्कल ऐकावयास गोड लागते, आणि तिच्यांत गुरूचा गौरवही असतो. पण ज्यानें पाठांतराच्या कवित्वाला सर्वांत वरचें आसन नाकारलें, त्यानें हा मोहही नाकारला. आपल्यासारखें बोलणाऱ्यालाच शाबासकी देणारा प्रमुख आपल्या हातानें आपल्या मंडळींतली नवता संपवीत असतो.

या साऱ्याचा कळस अकराव्या दशकाच्या शेवटीं आहे. तेथील सांगणें असें आहे कीं, ज्याच्या हातीं पुढारीपण आलें त्यानें दुसरे पुढारी सिद्ध करावेत, विचारानें आणि युक्तीनें त्यांना समृद्ध करावें, आणि ते तयार झाले कीं आपल्याजवळ न ठेवतां देशोदेशीं पाठवावें. यांतला शेवटचा भाग सर्वांत कठीण आहे. तयार झालेला माणूस हाताशीं असावा, असें कोणाला वाटत नाहीं? त्याला घडविण्यांत वर्षें खर्चलेलीं असतात. तो असला म्हणजे ओझें हलकें होतें. पण मोठ्या माणसाजवळ राहिलेला दुसरा माणूस कायमचा दुसराच राहतो. कल्याण डोमगांवीं गेले, वेणाबाई मिरजेस गेल्या, म्हणून त्यांना आपापल्या गांवच्या प्रश्नांना आपापलीं उत्तरें शोधावीं लागलीं. सज्जनगडावरून प्रत्येक गोष्टीची आज्ञा मागविणें त्या काळच्या वाटांवर शक्यही नव्हतें. अंतरानें त्यांना स्वातंत्र्य दिलें, आणि स्वातंत्र्यानें जबाबदारी दिली. नेत्याच्या बाजूनें यासाठीं एकच अट होती, ती निःस्पृहतेची. ज्याला श्रेय हवें असतें, तो माणसें दूर पाठवूं शकत नाहीं. आणि ज्याला एकांत सोसत नाहीं, त्याला सतत भोंवतीं गर्दी लागते. समर्थ घळींत आणि डोंगरांत जाऊन राहत, याचा अर्थ केवळ विरक्ति असा नव्हे. त्यांच्या दूर जाण्यानें मागें राहिलेल्यांना मोठें होण्यास अवकाश मिळत असे.

हा नियम केवळ मठांना लागू आहे असें कोणी समजूं नये. अडीचशें वर्षांनंतर कोल्हापुरांत, अगदीं निराळ्या व्यवसायांत, तोच पुन्हा दिसून आला. बाबूराव मेस्त्री, ज्यांना महाराष्ट्र बाबूराव पेंटर या नांवानें ओळखतो, यांनीं चित्रपट काढावयाचें ठरविलें तेव्हां हाताशीं कॅमेरा नव्हता. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें त्यांनीं तो स्वतःच बनविला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्यें पडद्यावर आला, आणि स्त्रीभूमिका पुरुषांनीं करण्याच्या त्या काळांत त्यांतल्या स्त्रियांचीं कामें स्त्रियांनींच केलीं. कंपनींत कामाच्या भिंती नव्हत्या. शांताराम वणकुद्रे हा तरुण तेथें पडेल तें काम करीत आला, आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्यें शेतकऱ्याच्या भूमिकेंत उभा राहिला. पडदा रंगविणारा यंत्रशाळेंत डोकावे, यंत्र चालविणारा नटांच्या तालमी पाही. अशा ठिकाणीं माणूस एक हुन्नर शिकत नाहीं, सगळा व्यवसाय शिकतो.

मग जें व्हावयाचें तेंच झालें. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले, आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजीं त्यांनीं कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूच्या संस्थेला हा मोठा धक्का होता, आणि ती पुढें फार काळ टिकली नाहीं. ही गोष्ट दुःखाची खरी. पण महाराष्ट्राच्या दृष्टीनें पाहिलें तर बाबूराव पेंटरांचें सर्वांत मोठें चित्र त्यांनीं स्वतः काढलेलें नाहीं. तें त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या माणसांनीं काढलें. १९३३ मध्यें प्रभात पुण्यास आली. शांताराम तिचे प्रमुख दिग्दर्शक असतांनाही १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल यांनीं. यंत्र आणि रंग हे ज्यांचे मूळचे प्रांत, त्या दोघांनीं. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांना त्यांनीं तुकोबा केलें. १९३७ मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत त्या चित्रपटाचा गौरव झाला. ठराविक माणसानें ठराविक काम करावें, असा प्रभातचा नियम असता तर हा चित्रपट निघाला नसता.

येथवर सर्व अनुकूल आहे. पण चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शांताराम १९४२ मध्यें प्रभातमधून बाहेर पडले आणि १९५३ मध्यें कंपनीचा कारभार संपला. समर्थांच्या मागेंही असेंच घडलें. १६८२ नंतर मठाच्या व्यवस्थेवरून शिष्यांत वाद उत्पन्न झाले, आणि त्यांचे पडसाद छत्रपति संभाजीराजांच्या पत्रांतही उमटले आहेत. पुढें ती व्यवस्था समर्थांचे वडील बंधु गंगाधरपंत, ज्यांना श्रेष्ठ म्हणत, यांच्या वंशजांकडे जांबेहून गेली आणि वंशपरंपरेनें चालूं लागली. गुणावर माणूस निवडण्याची रीत ज्यानें घालून दिली, त्याच्याच गादीवर हक्क जन्मानें ठरूं लागला. ग्रंथरचनेंतही विवेकाचा सूर मंदावला आणि चमत्कारांच्या कथा वाढत गेल्या. फांदी तोडणारा शिष्य ग्रंथ लिहिणाऱ्या शिष्यापेक्षां लोकांना अधिक आवडूं लागला.

मग समर्थांचा प्रयोग फसला काय? तसें म्हणतां येत नाहीं. त्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, नवनिर्मितीला पोषक असें वातावरण ही एकदां बांधून ठेवण्याची वास्तु नव्हे. गादी वारशानें देतां येते, इमारत देतां येते, द्रव्य देतां येतें. शंका ऐकून घेण्याची सहनशीलता, परक्या घरांतला गुण ओळखण्याची दृष्टि आणि तयार माणसाला निरोप देण्याचें धैर्य, या तीन गोष्टी वारसापत्रांत लिहितां येत नाहींत. प्रत्येक नव्या प्रमुखाला त्या नव्यानें कमवाव्या लागतात. त्या कमावल्या नाहींत तर गुरूचें नांव राहतें, उत्सव राहतो आणि कार्य थांबतें. मात्र जीं माणसें दूर पाठविलीं गेलीं होतीं, त्यांचें काम मूळ स्थानच्या वादानें बुडालें नाहीं. वेणाबाईंचें काव्य राहिलें, दिनकरांचा ग्रंथ राहिला, कल्याणांची पोथी राहिली. प्रभात बंद पडल्यावर तिच्याच जागेंत १९६० मध्यें चित्रपटकला शिकविणारी संस्था उभी राहिली. विखुरलेलें बीं हेंच टिकणारें धन होय.

ही चर्चा केवळ मठाधिपतींची किंवा चित्रपट काढणाऱ्यांची नाहीं. शाळेंत मुख्याध्यापक असतो, कचेरींत साहेब असतो, मासिकाला संपादक असतो आणि घराला कर्ता असतो. जेवणाच्या वेळीं मुलानें ‘असें कां?’ म्हणून विचारलें आणि वडिलांनीं ‘मुकाट्यानें जेव’ म्हणून सांगितलें, तर त्या घरांत त्या दिवशीं शांतता राहते खरी. पण एक श्रोता कमी होतो. सुनेला हिशेब उत्तम जमतो हें सर्वांना दिसत असतें, तरी वही सासऱ्यांच्या हातांतच राहते. कचेरींतल्या तरुणानें नवी रीत सुचविली तर जुनी रीत किती वर्षें चालत आली आहे, हें त्याला ऐकविलें जातें. यांतलें कांहींच दुष्टपणानें होत नाहीं. कामाची काळजी असते म्हणूनच होतें. आणि म्हणूनच तें ओळखणें अवघड असतें.

कुंभार पिंपळगांवाच्या नांवांतल्या कुंभारावर मात्र आरंभीं थोडा अन्याय झाला. मडकें थापतांना तो केवळ बाहेरून थापा मारीत नाहीं. दुसऱ्या हातानें आंतून आधार देत असतो. आव्यांत भाजून निघालेलें मडकें तो आपल्या घरीं मांडून ठेवीत नाहीं. तें दुसऱ्याच्या घरीं जातें आणि दुसऱ्याची तहान भागवितें. माणसें घडविणाऱ्या पुढाऱ्यानें त्याच्यापासून एवढें घेतलें तरी पुष्कळ झालें. हात आंतून असावा, आणि पात्र पक्कें झालें कीं तें दाराबाहेर जाऊं द्यावें.